मासेमारी नौकेसाठी पंख्याची निवड : उत्तनच्या डोल-नौकांच्या संदर्भात

मीरा-भाईंदर परिसरातील शांती नगरासारख्या भागांत दाट नागरी वस्ती झाली असली, तरी त्याच परिसराच्या पश्चिम टोकास असलेल्या उत्तन, पाली व चौक या गावांतील कोळी समाजाचा उदरनिर्वाह अद्यापि समुद्रावर चालतो. येथील मासेमारीत डोल जाळ्यास महत्त्वाचे स्थान आहे. पिशवीसारखे, शंकूच्या आकाराचे हे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर तोंड करून पक्के बांधले जाते व प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा इत्यादी त्यात शिरतात. प्रवाह मंदावतो त्या अल्प अवधीतच जाळे उचलणे सोयीचे असते. तेव्हा नेमक्या वेळी जाळ्यापाशी पोहोचणे आणि भरलेली नौका थोडक्या इंधनात परत आणणे, यांवर त्या फेरीचा नफा-तोटा अवलंबून राहतो. इंजिन उत्तम असूनही ही दोन्ही कामे साधत नसतील, तर दोष पुष्कळदा पंख्याच्या निवडीत असू शकतो.

पंख्याची दोन मापे प्रमुख होत : व्यास आणि पिच. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जितका पुढे जातो, त्याप्रमाणे पंखा घन पदार्थातून एका फेऱ्यात जितका सरकला असता त्या अंतरास पिच म्हणतात. पाणी घन नसल्याने प्रत्यक्षात नौका त्याहून कमी अंतर कापते. या तुटीस घसर असे म्हणता येईल. घसर म्हणजे निव्वळ अपव्यय नव्हे, कारण पाणी मागे लोटल्यावाचून रेटा उत्पन्न होत नाही. प्रश्न एवढाच की, थोडे पाणी वेगाने लोटावयाचे की पुष्कळ पाणी संथपणे?

याचे उत्तर रँकिन यांनी १८६५ मध्ये मांडलेल्या संवेग-सिद्धान्तात मिळते. तेवढ्याच रेट्यासाठी अधिक पाणी संथपणे लोटल्यास वाया जाणारी गतिज ऊर्जा कमी होते. नौका स्थिर असता आदर्श पंख्याचा रेटा हा शक्ती व व्यास यांच्या गुणाकाराच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे शक्ती तीच ठेवून व्यास २० टक्के वाढविल्यास रेटा सुमारे १३ टक्के वाढतो. तथापि पंख्याने शोषलेली शक्ती ही फेऱ्यांच्या घनाच्या व व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने, त्याच फेऱ्यांना व्यास केवळ ५ टक्के वाढविला तरी सुमारे २८ टक्के अधिक शक्ती लागते. यास्तव मोठा पंखा हवा असेल तर त्याचे फेरे कमी केले पाहिजेत, आणि हे काम गिअर-पेटीचे आहे.

एक उदाहरण घेऊ. पाण्याच्या रेषेवर ११ मीटर लांब असलेली नौका सुमारे ८ नॉटच्या पुढे गेल्यास स्वतःच उठविलेल्या लाटेत अडकते व इंधनाचा खर्च झपाट्याने वाढतो. ८ नॉट म्हणजे सेकंदास ४.१२ मीटर. इंजिनाचे फेरे मिनिटास १,८०० व गिअर २ : १ असल्यास पंखा सेकंदास १५ फेरे घेतो. घसर ३५ टक्के धरल्यास पिच सुमारे ४२ सेंटिमीटर येते. गिअर ३ : १ केल्यास ती ६३ सेंटिमीटर होते व त्याच शक्तीस स्थूलमानाने सव्वापट व्यासाचा पंखा चालतो. मात्र नौकेचा तळ व पात्यांची टोके यांमध्ये पुरेसे अंतर राहिले पाहिजे, नाहीतर कंप उत्पन्न होतो. उथळ खाडीत पात्यांस गाळाचाही धोका असतो.

येथे नौकेचे काम निर्णायक ठरते. ट्रॉलर नौका जाळे ओढताना अगदी मंद चालते, म्हणून तिला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा मानवतो. पंख्याभोवती नळकांड्यासारखे कडे बसविल्यास ओढ आणखी वाढते. याउलट अमेरिकेतील सरोवरांत बास मासे पकडण्याची हलकी नौका पाण्यावर उचलून धावते. तिला लहान व्यासाचा, अधिक पिचचा पंखा लागतो. डोल-नौका या दोहोंच्या मध्ये पडते. ती जाळे ओढीत नाही, परंतु परततांना जड असते. म्हणून तिच्या पंख्याची पिच रिकाम्या नौकेच्या वेगावरून न ठरविता भरलेल्या नौकेच्या नेहमीच्या वेगावरून ठरविणे इष्ट होय.

निवड योग्य झाली की नाही हे चाचणीनेच कळते. नौका भरलेली असता पूर्ण थ्रॉटलवर इंजिन आपल्या नेमून दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल व काळा धूर येत असेल, तर पिच किंवा व्यास अधिक झाला आहे. अशा स्थितीत इंजिनावर अतिभार पडून त्याचे आयुष्य घटते. फेरे सहज ओलांडले जात असतील, तर पिच कमी असून उपलब्ध शक्ती पुरती वापरली जात नाही. पात्यांचा पृष्ठभाग खडबडीत व खड्डे पडलेला दिसल्यास तेथे बाष्पाचे बुडबुडे फुटत असल्याची शंका घ्यावी. बहुधा कमी क्षेत्रफळाच्या पात्यांवर अधिक भार पडल्याचे ते लक्षण असते. मात्र खाऱ्या पाण्याने धातू गंजूनही असे खड्डे पडू शकतात, हे विसरता कामा नये.

सारांश, शेजारच्या नौकेवर उत्तम चाललेला पंखा आपल्या नौकेवरही तसाच चालेल, असे मानता येत नाही. नौकेची लांबी, तिचे भरलेले वजन, गिअर आणि काम या चारही गोष्टी जुळल्या तरच तो जुळतो. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलेली असता पंख्याची मापे व पात्यांची झीज नोंदवून ठेवल्यास, पुढील हंगामातील निवड अनुमानाऐवजी मोजमापावर आधारता येईल.