पहाटेच्या गारठ्यात इंजिन का रुसते?

पौषातली पहाट. द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरू लागले आहे, वारा संध्याकाळपासूनच पडलेला आहे आणि गारठा जमिनीलगत दाबून बसला आहे. अशा वेळी बागेला पाणी द्यावे हे तुम्ही जाणता. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते, आणि विहिरीचे पाणीही पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असते. पण डीपी जळालेली आहे, विजेची मोटार मुकी. म्हणून कानटोपी बांधून, विजेरी घेऊन तुम्ही विहिरीवरच्या डिझेल इंजिनाकडे जाता. हँडल मारता. एकदा, दोनदा, दहादा. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, इंजिन फुस्सकन् आवाज करते आणि पुन्हा गप्प. तिकडे पारा उतरतच असतो.

निफाड-दिंडोरीकडच्या बागाईतदारांना हा प्रसंग नवा नाही. जळगावकडे केळीला थंडीचा चरका बसतो तेव्हा तिथल्या घरांतही हीच धांदल. ट्रॅक्टरवाल्यांची गत वेगळी नाही. किल्ली फिरवली की 'घर्रऽ घर्रऽ', आणि मग नुसते 'टिक'.

अशा वेळी राग इंजिनावर निघतो. पण मंडळी, बहुतेक वेळा इंजिन बिघडलेले नसते. त्याला हवी तेवढी ऊब मिळालेली नसते, एवढेच. ही ऊब कुठे जाते ते एकदा नीट समजून घेतले, तर निम्मे काम आदल्या संध्याकाळीच उरकता येते.

ठिणगीवाचून पेट

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, तेव्हापासून त्याचे मर्म एकच आहे: हवा जोराने दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, तोच हा प्रकार. आपल्या विहिरीवरच्या इंजिनात पिस्टन हवेला साधारण सोळा ते अठरा पट दाबतो.

आता हिशेब पाहा. आत जाणारी हवा ३० अंशांऐवजी ५ अंशांची असेल, तर सुरुवातीचा फरक २५ अंशांचाच. पण दाबल्यावर तो फरकही वाढतो आणि शेवटी पन्नास-साठ अंशांची तूट पडते. शिवाय सिलिंडरच्या गार भिंती ऊब शोषतात. त्यातच ऑइल गारठून काकवीसारखे झालेले असते, म्हणून चाक हळू फिरते. चाक हळू फिरले की दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला आणि निवायला वेळ मिळतो. खरी मेख इथे आहे. थंड हवेपेक्षाही चाकाचा मंद वेग जास्त घात करतो.

म्हणून चालू न होणाऱ्या इंजिनाचा धूर आधी पाहावा. हँडल मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचते आहे, पेटत मात्र नाही. म्हणजे ऊब, दाब किंवा वेग कमी पडतो आहे. धूरच येत नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. मग कितीही हँडल मारले तरी खांदे दुखण्यापलीकडे काही होणार नाही. टाकी, नळी, फिल्टर पाहा, हवा धरली असेल तर ती काढा.

बंबातले पाणी आणि चमचाभर ऑइल

तुमच्या घरी पहाटे आंघोळीचा बंब पेटतो ना? तेच तुमच्या इंजिनाचे पहिले औषध. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरभोवती पाण्याची पोकळी असते. तिच्यातले रात्रीचे गार पाणी खालच्या तोटीने सोडून द्या आणि हाताला सोसेल इतके ऊन पाणी वरून सावकाश भरा. उकळते पाणी कधीही ओतू नका. गारठलेल्या बिडाला चीर जाते आणि मग डोके बदलण्याचा खर्च कपाळी येतो. बंब पेटला नसेल तर निदान विहिरीतून दोन घागरी ताज्या शेंदून घ्या. ते पाणीसुद्धा रात्रभर गारठलेल्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरे. दहा मिनिटे थांबा आणि मग हँडलला हात घाला. आमच्याकडे हे काम घरची कारभारीणच करी आणि 'इंजिनाला आंघोळ घातली' म्हणून हसे. पण पाणी पडले की इंजिन बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हँडलला बोलायचे, हेही तितकेच खरे.

दुसरा उपाय जुन्या फिटर मंडळींचा. हवा आत जाते त्या तोंडातून चहाचा एक लहान चमचा स्वच्छ इंजिन ऑइल सोडायचे आणि चाक चार-पाच वेळा हातानेच फिरवायचे. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते आणि दाब टिकतो. मात्र एक चमचा म्हणजे एकच चमचा. जास्त ओतलेत तर ऑइल पिस्टनच्या डोक्यावर साठते. द्रव काही दाबला जात नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

तिसरी गोष्ट डीकॉम्प्रेशनच्या लहान दांड्याची. तो उचलून झडप उघडी ठेवा आणि डिझेलचा दांडा पूर्ण खुला करा. मग चाकाला भरपूर वेग येईपर्यंत हँडल मारा, आणि वेग भरात असतानाच दांडा खाली सोडा. पुष्कळ जण घाई करतात, चार वेढ्यांतच दांडा सोडतात, चाक अडते आणि दोष नोझलवर जातो. गारठ्यात नेहमीपेक्षा आठ-दहा वेढे जास्त मारा, म्हणजे ऑइलही थोडे सैल होते. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या काही जुन्या इंजिनांत तर थंडीत चालू करताना दाब वाढवण्यासाठी डोक्यावर एक वेगळी चकतीच असे. त्याच धाटणीची इंजिने पुढे राजकोटकडे बनू लागली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली निघाली. या सगळ्या घराण्यांची इंजिने आपल्या विहिरींवर नांदली आहेत, आणि थंडीतला हट्ट सगळ्यांचा सारखाच.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, पलीकडून मूठ वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मोकळी बोटे सुटतात, वळवलेला अंगठा सुटत नाही. माझ्या थोरल्या चुलत्यांचे मनगट अशाच एका जानेवारीत मोडले. हाड बसले, पण त्या हाताने विळा पुन्हा पहिल्यासारखा धरवला नाही. पदर, मफलर, सैल बाह्या चाकापासून दूर ठेवाव्यात हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

ट्रॅक्टरचे दुखणे

ट्रॅक्टरला हँडल नाही, त्याचा सगळा भार बॅटरीवर. पारा शून्याच्या आसपास गेला की चांगली भरलेली बॅटरीसुद्धा तिच्या ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांशच देऊ शकते. आणि नेमके तेव्हाच घट्ट ऑइलामुळे स्टार्टर जास्त ताकद मागतो. बॅटरी रात्री काढून घरात, फळीवर ठेवली तरी सकाळी फरक कळतो. काढताना आधी चासीला जोडलेली तार सोडा, लावताना तीच शेवटी लावा, म्हणजे पाना टेकून ठिणगी उडत नाही. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करून आवळा, वर व्हॅसलीनचा हात फिरवा. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली समजा, १२.२ म्हणजे निम्मीच.

किल्ली फिरवण्याआधी गिअर मोकळा करा, पीटीओ सोडा आणि क्लच दाबून धरा, म्हणजे गिअरपेटीतल्या गोठल्यासारख्या ऑइलाचे ओझे स्टार्टरवर येत नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा. बॅटरी थोडी सावरते आणि स्टार्टरही जळत नाही. तुमच्या ट्रॅक्टरला हवा तापवणारा हीटर असेल तर पुस्तकात दिलेला वेळ तो आधी तापू द्या.

ऑइलच्या डब्यावरचे आकडे वाचण्याची सवय लावा. '१५ डब्ल्यू ४०' यातला 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके ते ऑइल गारठ्यात सैल राहते. नुसते '४०' लिहिलेले ऑइल वैशाखात चालून जाईल, पण पौषात ते चाकाचे पाय धरते. तुमच्या इंजिनाला कोणते चालते ते कंपनीच्या पुस्तकात पाहूनच बदला.

बॅरलमधले उन्हाळी डिझेल

ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. डिझेलमध्ये थोडे मेण असते आणि गारव्याने ते बाहेर पडू लागते. म्हणून आपल्याकडे हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या डिझेलची मानके वेगळी आहेत. फिल्टरमधून वाहत राहण्याची मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश, तर उन्हाळी डिझेलला १८ अंश धरलेली आहे. आता मे महिन्यात भरून ठेवलेले बॅरल तुम्ही जानेवारीत फोडलेत तर काय होईल? इंजिन चालू होते, दोन मिनिटे चालते आणि धापा टाकत बंद पडते. काचेच्या बाटलीत डिझेल घेऊन पाहा. दुधासारखे गढूळ दिसले तर मेण किंवा पाणी आहे असे समजा. फिल्टरभोवती कढत पाण्यात पिळलेले फडके गुंडाळले की मेण विरघळते. लडाखच्या थंडीसाठी तर २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल काढावे लागले. आपल्याला तेवढ्याची गरज नाही. जुना साठा दिवाळीपूर्वी संपवा आणि थंडीत लागेल तसे ताजे आणा.

टाकी संध्याकाळीच काठोकाठ भरा. अर्धी रिकामी टाकी रात्री आतून घामेजते आणि ते पाणी तळाशी बसते. सकाळी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पहिले थोडे डिझेल भांड्यात काढून टाका.

हे मात्र करू नका

हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची रीत अजून दिसते. त्याने कधी इंजिन चालू होतेही, पण राख आणि चिंध्यांचे तंतू आत ओढले जाऊन लायनरला ओरखडे पडतात. ऑइलच्या टाकीखाली जाळ करणे तर सरळ झोपडी पेटवण्याचा मार्ग. ईथरचा फवारा बाजारात मिळतो. हवा तापवणाऱ्या हीटरच्या इंजिनात तो मारला तर हवेच्या नळीतच स्फोट होतो, आणि इतर इंजिनांत रोजच्या फवाऱ्याने रिंगा तुटतात. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळणे तर मुळीच नको.

आणि ट्रॅक्टरशेजारी जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांना पाना टेकवून चालू करू नका. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर जागचा उठतो, आणि मागचे चाक तुमच्याच पायाशी असते. अशाने माणसे गेली आहेत.

इतके सगळे करूनही इंजिन रोज सकाळी छळत असेल तर दाब तपासा. डीकॉम्प्रेशनचा दांडा खाली ठेवून हँडल हळूच फिरवा. चांगले इंजिन रबरासारखे उसळून हात मागे लोटते. नुसतेच सरकून गेले तर कान लावा. ऑइल भरण्याच्या तोंडाशी सूंऽ ऐकू आले तर रिंगा झिजल्या, सायलेन्सरमध्ये आले तर धुराची झडप बसत नाही, हवेच्या नळीत आले तर हवेची झडप. फिटरला बोलावण्याआधी एवढे तुम्हालाच सांगता येईल, आणि तोही नुसत्या अंदाजाने चार भाग खोलणार नाही.

इंजिन चालू झाल्यावर लगेच भार देऊ नका. चार-पाच मिनिटे मंद चालू द्या, ऑइल वरपर्यंत पोहोचू द्या. आणि गारठा कितीही असो, खोपीचे दार उघडेच ठेवा. चालत्या इंजिनाशेजारी दार लोटून, घोंगडी पांघरून कुणी झोपायचे नाही. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. राखणीला पोरगा पाठवत असाल तर त्याला हे आज संध्याकाळीच सांगा.