अडगळीतील गुरू

मैलापुरात न्यायमूर्ती रानडे यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. ग्रंथालयातले पुस्तक वाचणाऱ्याने उघडावे, हा रिवाज. संगणकाच्या जगात तीच मोकळीक लिनक्सने दिली. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये तिचा गाभा रचला. पुढे त्याची मूळ संहिता कोणासही वाचण्यास व बदलण्यास खुली राहिली. त्याच पायावर चेन्नईच्या सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली उभारली.

ही विद्या शिकण्यास नवे यंत्र लागत नाही. किंबहुना माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉपच अधिक बरा. तो बिघडेल ही धास्ती नसते, आणि धास्ती असेल तेथे शिक्षण खुंटते.

मात्र त्यात घरची छायाचित्रे असतील, तर ती आधी अन्यत्र उतरवून घ्यावीत. हार्ड डिस्क पुसली गेल्यावर हळहळून उपयोग नाही. मग लिनक्स पेनड्राइव्हवर घालून यंत्र त्यावरूनच चालवून पाहावे. पडदा, कळफलक, वायफाय नीट चालले, तरच ती कायमची बसवावी. प्रोसेसर ३२ बिटचा असल्यास प्रणाली पारखून घ्यावी. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवरील नवी स्थापना थांबविली आहे. रॅम थोडी असल्यास एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप निवडावा.

तरीही कोठेतरी अडतेच. आवाज येत नाही, छपाई होत नाही. मग कारण शोधावे लागते, आणि खरा पाठ तेथेच सुरू होतो. सारे मोडले, तरी पहिल्या पानापासून पुन्हा आरंभ करता येतो.