दवाखान्यातला आणीबाणीचा दिवा

घरातले दिवे गेले तर आपण भिंत चाचपीत अंगणात येतो. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाचे तसे नसते. त्याला दुसऱ्याने उचलून न्यावे लागते, आणि नेणाऱ्याला वाट दिसावी लागते. २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे तीनच्या सुमारास विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशीच १३ रुग्ण दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० तान्ही बालके गेली. अशा अवेळी बाहेर पडण्याची वाट उजेडात राहावी, म्हणून आणीबाणीचे दिवे असतात. ते कसे जोडतात, हे आपणही समजून घ्यावे.

कोणी म्हणेल, “आमच्या दवाखान्यात जनरेटर आहे, मग हे दिवे कशाला?” जनरेटर हवाच. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारची वीज बराच काळ बंद होती. तशा वेळी त्याच्यावाचून निभाव नाही. परंतु तो सुरू व्हायला काही सेकंद लागतात, आणि कधी सुरू होतही नाही. शिवाय तो जागा होतो बाहेरची वीज गेली की. समजा, एका खोलीचाच फ्यूज उडाला. बाहेरची वीज शाबूत असते, म्हणून जनरेटर स्वस्थ बसतो आणि खोलीत मात्र काळोख. आगीत तारा जळाल्या, तर जनरेटरची वीज तरी कोठून येणार? म्हणून दिव्याच्या पोटातच बॅटरी असावी लागते.

या दिव्याचे काम सोपे आहे. वीज असेतोवर तो बॅटरी भरून घेतो. वीज गेली की आपोआप पेटतो. खरी मेख आहे ती वीज ‘आहे की गेली’ हे त्याला सांगणाऱ्या तारेत. ही तार बटणाच्या पलीकडून घेतली तर काय होईल? रात्री परिचारिका खोलीतला दिवा मालवील, आणि हा समजेल की वीजच गेली. तो पेटेल, बॅटरी संपवील, आणि खऱ्या संकटात रिकामा राहील. कंदील कोनाड्यात आहे, पण तेल नाही, अशी गत!

बरे, तार दुसऱ्याच खोलीच्या किंवा पंख्याच्या फ्यूजवरून आणली तर? या खोलीतले दिवे जातील, पण ती तार जिवंत राहील आणि आपला दिवा झोपून राहील. म्हणून नियम एवढाच ध्यानी ठेवा: तार त्याच खोलीच्या दिव्यांच्या फांदीवरून घ्यावी, पण बटणाच्या अलीकडून. हाच दिवा रोजच्या उजेडालाही वापरायचा असेल, तर त्याला दोन जिवंत तारा द्याव्यात, एक कायमची आणि एक बटणातून. दोन्ही त्याच फांदीवरच्या. शस्त्रक्रियेचा दिवा मात्र वेगळा. त्याला स्वतःची अखंड विजेची सोय पाहिजे. वाटेच्या दिव्यावर शस्त्रक्रिया होत नाही.

जोडणी झाली म्हणजे काम संपले नाही. महिन्यातून एकदा चाचणी घ्यावी, तीही बटण दाबून नव्हे. त्या फांदीचा फ्यूज काढावा किंवा एम.सी.बी. खाली करावा आणि दिवा पेटतो का ते पाहावे. त्याआधी त्या फांदीवर रुग्णाचे एखादे यंत्र तर नाही ना, याची खात्री करावी. वर्षातून एकदा तो पूर्ण वेळ जळू द्यावा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे (२०१६) तो किमान दीड तास टिकला पाहिजे. त्यानंतर बॅटरी पुन्हा भरेपर्यंत दिवा निकामी असतो, म्हणून सगळ्या खोल्यांची चाचणी एकाच दिवशी घेऊ नये. प्रत्येक चाचणीची नोंद वहीत तारखेसह करावी.

शिक्षकबंधूंना एक विनंती. विद्युत्प्रवाहाचा धडा शिकविताना फळ्यावर फ्यूज, बटण आणि दिवा काढा, आणि ‘आणीबाणीच्या दिव्याची तार कोठून घ्याल?’ असे मुलांना विचारा. आणि गावकरी मंडळींनो, आपल्या दवाखान्यात गेलात की भिंतीवरच्या त्या दिव्याकडे बोट दाखवून जरूर विचारा, “हा शेवटचा कधी तपासला?” उत्तर तोंडी घेऊ नका, वही पाहायला मागा.