हलगीच्या शेजारी सिंफनी

‘सैराट’च्या चार गाण्यांनी गावच्या वरातीतला ठेका आणि हॉलिवूडचा वाद्यवृंद एका पंगतीला बसवला. ते कसं जमलं, लोकांनी ते कसं उचललं आणि त्याचं कोणतं देणं अजून बाकी आहे, याचा हा मागोवा.

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीत लग्नाची वरात निघाली की ‘झिंगाट’ वाजणार, हे आता ठरूनच गेलं आहे. चित्रपट आला तेव्हा जी पोरं जन्मलीही नव्हती, तीही पहिल्या ठेक्याला पुढे घुसतात. एरवी मांडवाच्या कडेला उभे राहणारे चुलते, मामेही दोन पावलं टाकून घेतात. २०१६ नंतर मराठीत शेकडो गाणी आली, गाजली आणि विरली. हे मात्र हललं नाही. त्यामागे नुसती जाहिरात असती, तर ते एका लग्नसराईपुरतं टिकलं असतं.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. अजय-अतुल यांच्या संगीताच्या त्या अल्बममध्ये गाणी फक्त चार: ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. चार गाण्यांत चार वेगळे रंग आहेत. लोकसंगीत, पाश्चात्त्य सिंफनी, चित्रपटगीताचा गोडवा आणि डीजेचा दणका यांची त्यात सरमिसळ आहे. मराठी पॉप संगीतात हे सगळं इतक्या ताकदीनं एका ठिकाणी क्वचितच आलं असेल.

हा आवाज आपल्या मुलखाला परका वाटला नाही, याला कारण आहे. चित्रपट घडला तो करमाळ्याच्या परिसरात. करमाळा तालुका आपल्या परंडा तालुक्याला लागून आहे. मंजुळे स्वतः त्याच तालुक्यातल्या जेऊरचे. करमाळ्याची कमलाभवानी हे तुळजाभवानीचंच रूप मानलं जातं. म्हणजे धाराशिवकडे नवरात्रात जे संबळ, जी तुणतुणी आणि आराध्यांचे जे मेळे कानावर पडतात, त्यांचीच भावकी तिकडेही नांदते. बेंबळीच्या माणसाला ‘सैराट’ ऐकताना शेजारच्या शिवारातली हाक ऐकू आली, ती म्हणूनच.

आधीची पंधरा वर्षं

अजय आणि अतुल गोगावले या भावांचं बालपण पुणे जिल्ह्यातल्या लहान गावांत गेलं. वडील महसूल खात्यात असल्यानं बदल्या होत राहिल्या. संगीताचं रीतसर शिक्षण दोघांनाही मिळालं नाही. जे शिकले ते कानानं शिकले. एकीकडे भजन, गोंधळ, बँड. दुसरीकडे इळैयराजांची गाणी. इळैयराजांना हे दोघे गुरुस्थानी मानतात आणि हा धागा महत्त्वाचा आहे.

इळैयराजा तमिळनाडूतल्या पन्नैपुरम या खेड्यातले. १९७६च्या ‘अन्नक्किळि’पासून त्यांनी तमिळ गावाकडचे ताल आणि पाश्चात्त्य स्वररचना एकत्र गुंफायला सुरुवात केली. १९८६च्या ‘हाऊ टू नेम इट’ या अल्बममध्ये तर त्यांनी कर्नाटक संगीत आणि बाख यांना समोरासमोर बसवलं. दक्षिणेत गावाच्या गाण्यामागे पूर्ण वाद्यवृंद उभा राहू शकतो, हे तिथल्या श्रोत्यांना चार दशकं ठाऊक होतं. मराठीला ते कळायला उशीर झाला.

अजय-अतुल यांनी त्याची तयारी टप्प्याटप्प्यानं केली. २००१च्या ‘विश्वविनायक’ या अल्बममध्ये गणेशस्तोत्रांना आधुनिक वाद्यवृंदाची साथ होती. गायक होते एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन. २००९ साली राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ आला. जोगते-जोगतिणींच्या त्या कथेत देवीच्या गाण्यांचा अस्सल बाज होता. अजय-अतुल यांना संगीतासाठी आणि हरिहरन व श्रेया घोषाल यांना गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पाठोपाठ २०१०च्या ‘नटरंग’मध्ये तमाशाची ढोलकी आली. ‘सैराट’कडे वळेपर्यंत या भावांनी आपल्या लोकसंगीताची तीन-चार दालनं आतून पाहिली होती. भंडारा कुठे उधळायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे त्यांना उमगलं होतं.

दोन शिस्तींची गाठ

‘सैराट’च्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर झालं. त्या जागी सिंफनी ध्वनिमुद्रित करणारा हा पहिला भारतीय चित्रपट ठरला. ती वास्तू मूळची एमजीएम कंपनीची. १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीत तिथेच मुद्रित झालं होतं.

इतक्या लांब जायची गरज काय होती, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्तर जागेत आणि पद्धतीत आहे. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, बासऱ्या, पितळी वाद्यं असे कितीतरी वादक एकाच मोठ्या दालनात एकाच वेळी वाजवतात, तेव्हा त्या दालनाची घुमारीही सुरांत मिसळते. दोन-चार वादकांकडून तेच पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं किंवा कीबोर्डमधला साठवलेला आवाज वापरला, तर सूर तोच निघतो, पण ती घुमारी येत नाही. मराठी चित्रपटाचं बजेट लहान असल्यानं बहुतेकदा कीबोर्डवरच भागवलं जायचं.

तिथली पद्धतही आपल्याहून वेगळी. प्रत्येक वाद्याची ओळ आधी कागदावर स्वरलिपीत उतरवावी लागते. वादक ती समोर ठेवून थेट वाजवतात. कानातल्या हेडफोनमध्ये ठोक्यांची एकसारखी टिकटिक चालू असते, म्हणजे पुढे इतर वाद्यं त्याच लयीत अचूक बसतात.

आता शेजारी आपली हलगी ठेवून पाहा. लोखंडी किंवा लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं, एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात. हवा दमट झाली की कातडं ढिलं पडतं, आवाज उतरतो, मग पुन्हा शेकायची. हलगीवाल्याच्या कानात टिकटिक नसते. तो गर्दीच्या पायांकडे बघत लय चढवतो. तिचा आवाज तासाभराच्या मिरवणुकीत, मोकळ्या रस्त्यावर, शेवटच्या माणसापर्यंत पोचण्यासाठी घडलेला आहे. व्हायोलिनचा सूर लांबत जातो, हलगीचा ठोका क्षणात फुटतो. दोन्ही एकत्र आणताना एकानं दुसऱ्याला झाकून टाकण्याची भीती कायम असते.

‘सैराट’मध्ये दोघांना आपापली जागा मिळाली. ‘याड लागलं’मध्ये वाद्यवृंद हळूहळू भरून येतो आणि अजय यांचा मोकळा, वरच्या पट्टीतला गावरान आवाज त्यावर स्वार होतो. गळा शहरी करून घेतलेला नाही. ‘आताच बया का बावरलं’ हे मुलीचं गाणं. श्रेया घोषाल यांच्या आवाजात ती स्वतःच्या मनाकडे चकित होऊन पाहते. ‘सैराट झालं जी’मध्ये अजय आणि चिन्मयी यांचं युगुलगीत शाहिरी अंगानं मोकळं होतं. आणि ‘झिंगाट’ म्हणजे आख्खी वरात. दोघा भावांनी गायलेलं, दम न घेणारं.

वाद्यवृंद कोणासाठी वाजला?

माझ्या मते या अल्बमचं खरं मोठेपण इथे आहे. भारतीय चित्रपटात व्हायोलिनचा ताफा काही २०१६ साली आला नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीत संयोजकांनी १९५०च्या दशकातच मुंबईच्या स्टुडिओंत उत्तम वाद्यवृंद उभे केले होते. पण तो भरदार आवाज बहुधा बंगल्यातल्या पियानोजवळच्या नायकाला, बर्फाच्या डोंगराला, राजवाड्याला मिळायचा. गावातल्या प्रेमाच्या वाट्याला एखादी बासरी, एखादं तुणतुणं. खेडं आलं की आवाजही साधा करायचा, अशी न लिहिलेली रीत होती.

‘सैराट’नं ती मोडली. चित्रपटाचा नायक परशा मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा. त्याच्या छातीत जे उसळतं, त्यासाठी जगातल्या उत्तम वाद्यवृंदांपैकी एक उभा केला गेला. नायिका आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते आणि तिच्या मनातल्या पहिल्या खळबळीलाही तोच मान मिळतो. गावच्या पोरापोरींचं मन लहान नसतं, हे या संगीतानं ठामपणे सांगितलं.

दुसरी बाजूही तितकीच मोलाची. हलगी हे आपल्याकडे जातीनं वाटून दिलेलं काम होतं. देवाच्या पालखीपुढे हलगी हवी, पण वाजवणाऱ्याला देवळाच्या पायरीवर जागा नाही, अशी ती व्यवस्था. १९२७च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी गावकीची अपमानाची कामं सोडण्याची हाक दिली. पुढच्या काळात अनेकांनी हलगीही खाली ठेवली आणि ते योग्यच होतं. लादलेलं वाद्य सोडणं हा स्वाभिमान होता. मंजुळे यांनी त्याच वाद्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. त्यांच्या आधीच्या ‘फँड्री’ चित्रपटातला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे त्यांना गावात हलगी वाजवतानाच दिसला होता. त्या मुलाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हलगीच्या मुलखातला हा ठेका ‘सैराट’मधून हजारो लोकांच्या पायांत शिरला. नाचणाऱ्यांत सगळ्या जातींची पोरं होती.

मात्र हे संगीत सुखाची खोटी हमी देत नाही. चारही गाणी पूर्वार्धात येतात. आर्ची आणि परशा पळून हैदराबादला पोचतात, तिथे झोपडपट्टीतलं रोजचं जगणं सुरू होतं आणि गाणी थांबतात. शेवटी तर आवाजच काढून घेतला जातो. पूर्वार्धातला वाद्यवृंद इतका भरभरून वाजला नसता, तर ही शांतता इतकी असह्य झाली नसती. अल्बम नुसता ऐकणाऱ्याला हे कळत नाही, चित्रपट पाहिलेल्याला विसरता येत नाही.

लोकांनी काय केलं

‘झिंगाट’ लागलं की प्रेक्षक पडद्यासमोर येऊन नाचत. काही ठिकाणी गाणं पुन्हा दाखवावं लागलं, कुठे मध्यरात्रीनंतरचे खेळ लागले. तालुक्याच्या गावात, जिथे चित्रपटगृहं ओस पडत चालली होती, तिथे ट्रॅक्टर आणि टेम्पो भरून माणसं आली. ‘सैराट’ तोवरचा सर्वाधिक कमाईचा मराठी चित्रपट ठरला आणि त्यात या गाण्यांचा वाटा मोठा होता. २०१७ साली कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ आला, २०१८ साली हिंदीत ‘धडक’. दोन्हीकडे यातल्या चाली गेल्या. हिंदी ‘झिंगाट’ ऐकून अनेक मराठी श्रोते हळहळले. चाल तीच होती, पण बोलीची माती नव्हती.

विरोधही झाला. पोरं बिघडतील, पळून जातील, अशी ओरड झाली. जातीचा प्रश्न पडद्यावर आणल्याचा राग काहींना आला. ज्या गाण्यावर आपल्या घरच्या लग्नात नाचायचं, त्याच गाण्यातल्या दोन जिवांचं प्रेम मात्र मान्य करायचं नाही, हे दुटप्पीपण आपल्या समाजात आजही आहे. संगीतानं दार उघडलं, आत जायचं काम आपण टाळलं. हा दोष गाण्यांचा नाही.

बाकी राहिलेलं देणं

एक खंत मात्र संगीतापुरतीच आहे. ‘झिंगाट’ हा वरातीतल्या वाजंत्र्यांचा ठेका. पण ते गाणं डीजेच्या भिंतींवरून इतकं वाजतं की जिवंत वाजंत्र्यांना बोलावणंच कमी होत चाललं आहे. बेंजो पथकं, हलगीवाले, संबळ वाजवणारे गोंधळी यांच्या हाताला काम राहिलं नाही, तर पुढचा संगीतकार ठेका शिकणार कोणाकडून? अजय-अतुल यांच्या कानांवर हे सगळं लहानपणी जिवंत पडलं, म्हणून ते वाद्यवृंदाला त्याची ओळख करून देऊ शकले. हॉलिवूडचं दालन पैसे देऊन भाड्यानं मिळतं. आराध्यांच्या मेळ्यात रात्रभर बसून कमावलेला कान भाड्यानं मिळत नाही.

आज बेंबळीतला एखादा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर बीट बनवू शकते, व्हायोलिनचा आवाज त्यात घालू शकते, रॅप करू शकते. साधनांची अडचण राहिलेली नाही. त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: तुळजापूरच्या वाटेवर अश्विनी पौर्णिमेला चालणाऱ्यांबरोबर चाला, घरातल्या आजीची देवीची गाणी लिहून घ्या, गावातल्या हलगीवाल्याजवळ बसून दोन ठेके शिका, त्याचा आवाज घेतलात तर त्याला त्याचे पैसे द्या आणि गाण्याखाली त्याचं नाव लिहा. आणि ग्रामपंचायतींनी, जत्रा समित्यांनी मिरवणुकीतला निदान एक तास तरी या जिवंत वाजवणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, सन्मानानं आणि रास्त बिदागीवर. ‘सैराट’नं गावच्या आवाजाला जगातल्या मोठ्या वाद्यवृंदाच्या बरोबरीचा मान दिला. त्या आवाजाच्या धन्यांना तो मान गावात मिळवून देणं हे आता आपलं काम आहे.