गावच्या निसर्गाची नोंदवही

देवाच्या नावाने राखलेल्या राईवर कुऱ्हाड चालवू नये, हा सह्याद्रीतील गावांचा जुना दंडक. पुष्कळ शिकलेल्यांनी तो भाबडेपणा मानला. परंतु त्यामागे पाण्याचा व वनस्पतींचा विचार आहे, हे पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी अभ्यासाने दाखवून दिले.

सन १९४२ मध्ये पुण्यात जन्मलेले डॉ. गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे पुत्र. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते १९७१ साली स्वदेशी परतले व वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासमवेत देवरायांची पाहणी करू लागले. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली देवराई तोडीतून वाचवावी, म्हणून त्यांचे साहाय्य मागितले. राई गेली तर गावचा ओढा आटेल, ही त्यांची भीती होती. ती रास्तच होती. कारण राईतील पालापाचोळा पावसाचे पाणी थोपवितो, मुळे ते जमिनीत मुरवितात आणि पुढे तेच पाणी झऱ्यावाटे सावकाश बाहेर येते. अखेर ती राई वाचली.

गावकऱ्यांचे असे ज्ञान लिहून ठेवावे, हे डॉ. गाडगीळ यांच्या कार्याचे एक मुख्य सूत्र झाले. बंगलोर येथे १९८३ साली परिसरशास्त्राचे केंद्र स्थापन केल्यानंतर त्यांनी पश्चिम घाटातील महाविद्यालयांचे अध्यापक व विद्यार्थी यांना प्रत्यक्ष रानात निरीक्षणास लावले. पुढे २००२ चा जैवविविधता कायदा तयार करण्यात त्यांचा सहभाग होता. त्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमावी व तिने लोकांच्या साहाय्याने जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी व्यवस्था आहे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. पुण्याच्या दक्षिणेकडील बिबवेवाडी एके काळी खेडे होते. आज ती शहरात सामावली आहे. शिवार गेले की त्याची माहिती जाणत्या माणसांबरोबर लोप पावते.

म्हणून ग्रामसेवकांनी गावातील वृद्ध, गुराखी, वैदू व स्त्रिया यांना विचारून देशी बियाणे, रानभाज्या, औषधी वनस्पती, झरे व जुने वृक्ष यांची नोंद करावी. शाळेतील मुलांना सोबत घ्यावे. नोंदवही पूर्ण होईल, तेव्हा ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. जे चुकले असेल ते गावकरीच दुरुस्त करतील.