कोपरचा पूल, चौथी सीट आणि कृतज्ञता

कोपर म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी कोपरखैरणे आठवतं. तेव्हा पहिला गैरसमज इथेच मिटवून टाकू. कोपरखैरणे नवी मुंबईत. आमचं कोपर मध्य रेल्वेवर, दिवा आणि डोंबिवलीच्या मधे. खालच्या फलाटांवर धीम्या लोकल थांबतात आणि त्यांच्या डोक्यावरून दिवा-वसई मार्ग जातो. जलद गाडी इथे थांबत नाही. डोंबिवलीहून सुटणारी लोकल एकाच स्टेशनात भरून येते, म्हणून बसायला जागा हवी असेल तर आधी उलटं डोंबिवलीला जायचं आणि तिथून परत मुंबईकडे यायचं. अशा ठिकाणच्या माणसाला सकाळी सकाळी कुणी ‘कृतज्ञ राहा, आयुष्य बदलेल’ असा सुविचार फुलांच्या चित्रासकट पाठवला, तर तो वैतागणारच. गंमत अशी की या विषयावर गेल्या काही दशकांत खरंखुरं संशोधन झालेलं आहे आणि ते या सुविचारांशी फारसं जुळत नाही.

‘मनासारखं झालं की माणूस आपोआप आनंदी होतो’

होतो, पण टिकत नाही. डोंबिवली पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये धोकादायक ठरवून वाहतुकीला बंद झाला. त्यानंतर दोन वर्षं रिक्षा, स्कूलबस, रुग्णवाहिका, सगळ्यांना ठाकुर्लीच्या पुलाचा वळसा. तिथल्या कोंडीत अडकलेला प्रत्येक जण ‘कोपर पूल एकदाचा सुरू होऊ दे’ म्हणत होता. सप्टेंबर २०२१ मध्ये नवा पूल सुरू झाला. आज त्यावरून जाताना कुणाला त्याचं काही वाटतं? आता तिथे हॉर्न वाजवायचा आणि पुढच्या रिक्षावाल्याला दोन शब्द सुनवायचे, एवढंच.

यात कृतघ्नपणा नाही. मन बदलाची दखल घेतं आणि जे रोजचंच झालं ते बाजूला टाकतं. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत लॉटरी लागलेले २२ जण आणि लॉटरी न लागलेले २२ जण यांची तुलना केली. विजेते लक्षणीय जास्त सुखी नव्हते. उलट न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी इतरांपेक्षा कमी होती. याच अभ्यासाच्या नावावर एक गोष्ट भाषणांमधून फिरते, की अपघातात अपंगत्व आलेली माणसंही इतरांइतकीच सुखी निघाली. तसं नाही. ती इतरांपेक्षा कमी सुखी होती. फक्त लोकांना वाटेल तितकी दुःखी नव्हती. हा फरक लहान नाही, आणि प्रेरणादायी व्याख्यानांत तो नेमका गळतो.

मग जुन्या गोष्टीकडे नव्याने पाहायचं कसं? २००८ मधल्या एका संशोधनात असं दिसलं की एखादी चांगली गोष्ट आपल्याकडे आहे असा विचार करण्यापेक्षा, ती घडलीच नसती तर काय झालं असतं असा विचार केल्याने माणसाला अधिक बरं वाटतं. कोपरकरांना कल्पना लढवायची गरज नाही, दोन वर्षं पूल नसतानाचे दिवस त्यांनी काढलेत. तसंच रुळांचं. ठाणे-कल्याण रेल्वे १ मे १८५४ रोजी सुरू झाली तेव्हा ठाण्याच्या खाडीवरचा पूल आणि पारसिकच्या डोंगरातले बोगदे हा नवलाचा विषय होता. धीमी गाडी मुंब्र्याजवळ आजही एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी घेऊन धावते. खिडकीत बसलेला मात्र रील बघत असतो.

‘समाधानी माणूस तक्रार करत नाही’

हा सगळ्यात घातक गैरसमज, म्हणून त्याच्यावर थोडं रेंगाळतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीने खच्चून भरलेल्या लोकलमधून दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. त्या मार्गावर रोज जाणाऱ्याला ‘निदान तुला गाडी तरी मिळते’ असं सांगणं म्हणजे कृतज्ञता शिकवणं नाही. ते त्याला गप्प बसवणं झालं.

या बाबतीत विचारांची स्पष्टता शोधायला कोपरहून फार लांब जावं लागत नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी माणसापर्यंत आणली ती कि. मो. फडके यांनी, आणि पुढे नाडकर्णींनी ती भाषणांतून, पुस्तकांतून घरोघरी नेली. ही पद्धत सांगते की विवेकी विचार म्हणजे ‘सगळं छान आहे’ हा विचार नव्हे. गाडी चुकली तर वाईट वाटणं रास्त आहे, चीड येणंही रास्त आहे. ‘गाडी चुकताच कामा नये, चुकली म्हणजे दिवसाचं वाटोळं झालं’ हा हट्ट मात्र त्रास दुप्पट करतो. हट्ट सुटला की डोकं शांत राहतं, आणि शांत डोक्याने लिहिलेला तक्रारअर्ज जास्त नेमका असतो. डब्यात जागा करून देणाऱ्याचे आभार आणि डबे वाढवा म्हणून निवेदन, ही दोन्ही कामं एकच माणूस एकाच सकाळी करू शकतो.

‘आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्यांकडे पाहावं’

आमच्याकडे याचं तयार वाक्य आहे: ‘दिव्याला बघा, चढायलाही मिळत नाही.’ क्षणभर बरं वाटतं, नाही असं नाही. पण दिवेकरांच्या हालांवर उभं राहिलेलं समाधान मला तरी पटत नाही. आपल्याला नेमकं काय मिळालं, ते कुणामुळे मिळालं, याचा त्यात पत्ताच नसतो.

‘रोज वहीत लिहिलंच पाहिजे’

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांच्या २००३ च्या गाजलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहून काढणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोजचा नेम लावून घेतला की वहीही सवयीची होते आणि ‘कुटुंब, तब्येत, नोकरी’ एवढंच पानापानावर उमटत राहतं.

‘आभार मनात असले की पुरे, बोलायचं काय त्यात?’

लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो. अर्धा बाकावर, अर्धा हवेत, एक पाय वाटेत रोवून. त्यासाठी तिघांना अंग चोरावं लागतं. ‘जरा सरका’ म्हटल्यावर ते सरकतात, ठाणं आल्यावर त्यांतला एखादा उठून उभ्या असलेल्याला बसवतो. एवढ्या देवघेवीत आभाराचा शब्द बहुतेक कुणी काढत नाही. संकोच वाटतो.

अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये याच संकोचाचं माप घेतलं. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, वाचणारा अवघडून जाईल. प्रत्यक्षात वाचणारे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावले, अवघडले मात्र कमी. त्याआधी २०१४ मध्ये एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलप्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं होतं. प्रवास नकोसा होईल असा सगळ्यांचा होरा होता. बोलणाऱ्यांचाच प्रवास जास्त छान झाला.

मुंबईच्या लोकलला हे शिकागोकडून शिकावं लागलेलं नाही. ठरलेल्या डब्यातली भजनं, बायकांच्या डब्यात निवडली जाणारी भाजी, संक्रांतीचं हळदीकुंकू हे सगळं आहेच. दसऱ्याला सुट्टी, म्हणून बहुधा आदल्या दिवशी डब्याची पूजा होते: झेंडूची तोरणं, दारांना आंब्याचे डहाळे, मोटरमनला हार-नारळ आणि डबाभर पेढे. ज्या डब्याला वर्षभर शिव्या घातल्या त्यालाच त्या दिवशी हळदकुंकू लागतं. कृतज्ञता हे परदेशी खूळ आहे म्हणणाऱ्याने त्या दिवशी एकदा प्रवास करावा.

‘उत्साह आला की सुरुवात करू’

क्रम बहुधा उलटा असतो. नैराश्यावरच्या एका उपचारपद्धतीत रुग्णाला बरं वाटण्याची वाट न पाहता आधी लहान, ठरावीक कृती करायला लावतात. मनःस्थिती मागाहून सुधारते. धडधाकट माणसालाही हा क्रम लागू पडतो.

‘खचलेल्या माणसाला कृतज्ञता शिकवली की झालं’

इथे मात्र हात आखडता घ्यायला हवा. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२० मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम अगदी अल्प निघाला. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर त्या माणसाच्या हाती वही देण्यापेक्षा त्याला डॉक्टरकडे न्यावं. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.