ओतकाम उद्योगातील कुशल मनुष्यबळाची टंचाई आणि महाविद्यालयांची जबाबदारी

प्रस्तावना

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमधील फौंड्री उद्योग वाहने, ट्रॅक्टर, पंप इत्यादींसाठी लोखंडाचे ओतीव भाग पुरवितो. ‘कुशल माणसे मिळत नाहीत’ ही उद्योजकांची आणि ‘काम मिळत नाही’ ही पदवीधरांची, अशा दोन्ही तक्रारी एकाच जिल्ह्यात ऐकू येतात. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे तपासून महाविद्यालयांच्या भूमिकेचा विचार केला आहे.

कौशल्याचे बदललेले स्वरूप

ओतकामात वाळूतील ओलावा, बेंटोनाइटचे प्रमाण, साच्याचा घट्टपणा आणि वितळलेल्या धातूचे तापमान या बाबी परस्परांशी निगडित असतात. ओलावा वाढल्यास वायू कोंडून ओतीव भागात पोकळ्या राहतात. साचा सैल राहिल्यास वाळूचे कण धातूत मिसळतात. जुना कारागीर वाळू मुठीत दाबून तिची प्रत ओळखत असे. आज कपोला भट्टीची जागा मोठ्या प्रमाणावर इंडक्शन भट्टीने घेतली आहे. त्यामुळे हाताच्या अनुभवाबरोबरच चाचणीचे आकडे वाचून दोषाचे कारण शोधता येणे आवश्यक झाले आहे. म्हणजेच ही टंचाई केवळ हातांची नसून निरीक्षण आणि कारण यांची सांगड घालणाऱ्या माणसांची आहे.

दरीची कारणे

पहिले कारण शैक्षणिक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उद्धृत केलेल्या बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार, भारतातील १९ ते २४ वयोगटातील कार्यबलापैकी ५ टक्क्यांहून कमी व्यक्तींनी औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतले होते. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के होते.

दुसरे कारण कामाच्या परिस्थितीत आहे. भट्टीची उष्णता, सिलिकायुक्त धुळीमुळे होणारा सिलिकोसिसचा धोका आणि कंत्राटी नेमणुकीतील अनिश्चितता यांमुळे तरुण हे काम टाळतात. त्यास केवळ श्रमाविषयीची अनास्था म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तिसरे कारण आर्थिक आहे. लहान कारखानदाराने शिकविलेला कामगार शेजारचा कारखाना थोड्या अधिक वेतनावर नेऊ शकतो. त्यामुळे प्रशिक्षणाचा खर्च एकट्याने करण्यास कोणीही धजावत नाही.

कायदा आणि व्यवहार

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये, वाटा केंद्र शासन उचलते. तथापि उमेदवारास स्वस्त मजूर समजून वर्षभर केवळ माल वाहण्यास लावले, तर नियमाचे पालन होते. कौशल्य निर्माण होत नाही.

महाविद्यालयांची भूमिका

नव्या अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणास श्रेयांक मिळू लागले आहेत. ते केवळ उपस्थितीच्या प्रमाणपत्रावर दिले जाऊ नयेत, यासाठी पुढील उपाय सुचवावेसे वाटतात:

१. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एका दोषाची सलग नोंद ठेवून कारण शोधावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नाकारलेल्या मालाचा खर्च काढावा.

२. मार्गदर्शक प्राध्यापकाने कारखान्यास नियमित भेट द्यावी आणि मूल्यमापन त्या नोंदवहीवर आधारावे.

३. विद्यार्थी पाठविण्यापूर्वी सुरक्षा साधने, कामाचे तास आणि विद्यावेतन यांविषयी लेखी करार करावा.

४. अनेक लहान कारखान्यांनी मिळून प्रशिक्षणाचा खर्च उचलावा आणि महाविद्यालयाने प्रयोगशाळा उपलब्ध करून द्यावी.

समारोप

उद्योगाने सुरक्षितता व योग्य वेतन दिल्याशिवाय तरुण टिकणार नाहीत आणि महाविद्यालयाने कामाकडे ज्ञानाचा विषय म्हणून पाहिल्याशिवाय ते सक्षम होणार नाहीत. ही जबाबदारी टाळली गेल्यास विद्यार्थ्याच्या हाती श्रेयांक पडतील, परंतु कौशल्य पडणार नाही. आणि त्याची किंमत सर्वप्रथम त्यालाच मोजावी लागेल.